‘एसीत बसून धुक्यावर प्रवचन’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भीमाकाठकर,

(टोपणनावानंच हाक मारतो, खरं नाव आपण लिहिलेलं नाही.)

उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पहाटे कयाक आणि फ्लोट ट्यूब (आत बसून पायांनी वल्हवायची हवेची ट्यूब) घेऊन उतरणाऱ्यांसाठी मी लेख लिहिला होता, ‘धुक्यात ट्यूब पाण्यात घालू नका’. त्यावरची आपली प्रतिक्रिया इतरांसाठी जशीच्या तशी देतो: “एसीत बसून धुक्यावर प्रवचन. आमच्याकडचे भोई ट्रकच्या ट्यूबवर बसून रोज पहाटे जाळी काढतात, ना जॅकेट ना होकायंत्र, काही होत नाही. ऊन पडलं की धुकं जातंच. लाँचच्या इंजिनापुढे तुमची शिट्टी ऐकणार कोण? २०२४ ला कळाशीची बोट वाऱ्यानं उलटली, धुक्यानं नाही. आणि ५० किलोचं जॅकेट म्हणजे काय? शीर्षक बदला, लोकांचा धंदा बुडवू नका.”

मतभेदाला माझी ना नाही. पण प्रवचन? प्रवचनात समोरच्यानं हात जोडून ऐकायचं असतं. मी हवेचा दाब, अंतर आणि मिनिटं लिहिली होती. ज्याला पटत नाही त्यानं मोजून पाहावं, एवढी सोय त्यात होती. मोजायचं सोडून आपण माझ्या खोलीतल्या एसीवर आलात. कुंभारगाव ते डिकसळच्या जुन्या पुलापर्यंतच्या पट्ट्यात १४ वर्षं वल्हं मारतोय. हे सांगायची वेळ यावी हे मला बरं वाटत नाही, पण ती आपणच आणलीत.

एक चूक मान्य. ‘५० किलोचं जॅकेट’ हे चुकलंच, ‘५० न्यूटन’ हवं होतं. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलोची उचल. पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाचं तोंड पाण्यावर ठेवायला ती पुरते. पोहता येत नसेल तर १०० न्यूटन किंवा त्याहून जास्तीचं घ्यावं. टंकताना घसरलं, दुरुस्त केलं. एवढ्यावरून या माणसानं पाणीच पाहिलेलं नाही असं ठरवायचं असेल तर खुशाल ठरवा.

आता भोयांचं. आपल्या प्रतिक्रियेत बोलण्यासारखं वाक्य तेवढं एकच आहे.

“ना होकायंत्र” म्हणता, पण भोई ट्यूबवर बसून जातो कुठे? स्वतःच्या जाळ्याकडे. काल संध्याकाळी त्यानंच ते लावलेलं असतं. एक टोक काठाजवळच्या खुंटाला, पुढे थर्माकोलच्या तुकड्यांची किंवा रिकाम्या बाटल्यांची ओळ, त्यांना जोडणारी दोरी. ती दोरी हातात धरून तो जाळं उचलत पुढे सरकतो आणि तीच धरून परत येतो. धुकं पाच मीटरवर आलं तरी तो हरवायचा कसा? त्याचं होकायंत्र त्याच्या मुठीत असतं. शिवाय काठावरच्या मोटारींचा आवाज कुठल्या बाजूचा, पुणे-सोलापूर गाडी कुठून गेली, गाळ कुठे आहे, बुडालेल्या बाभळींचे बुंधे कुठे वर आलेत, हे त्याला पाठ असतं. पाणी दर आठवड्याला मागे हटतं तसा तो हा पाठ बदलतो. आणि फारच दाटलं तर तो काठावर बिडी ओढत बसतो. हे आपल्याला दिसलं नसावं.

पुण्याहून शनिवारी आलेला माणूस भोयाचं काय उचलतो? फक्त ट्यूब. दोरी नाही, पाठ नाही, थांबणं नाही. माझा लेख त्या माणसासाठी होता. भोयांना शिकवायचा शहाणपणा मी केलेला नाही, आणि त्यांच्या आडून माझ्यावर दगड मारायचा शहाणपणा आपणही करू नये.

ट्यूबसुद्धा एक नसते. ट्रकची ट्यूब जाड रबराची, पंक्चरवाल्याकडे सोल्यूशन लावून ठिगळ बसतं, वर फळी किंवा दोरीची जाळी. माणूस वर बसतो, पाय बरेचसे पाण्याबाहेर. विकतच्या फ्लोट ट्यूबमध्ये माणूस आत बसतो, मांड्यांपासून खाली पाण्यात, पायात फिन, म्हणजे वल्ह्यासारखे रबरी पंजे. आतली पिशवी बहुधा पीव्हीसीची, तिला रबराचं सोल्यूशन धरत नाही, पीव्हीसीचाच गोंद लागतो. त्या लोंबत्या फिन नायलॉनच्या जाळ्यात सगळ्यात आधी अडकतात. ओढाल तितकं आवळतं. म्हणून बोथट टोकाची सुरी छातीशी हवी, मागच्या खिशात नको. फिनला घोट्याशी दोरी हवी. एक फिन सुटली तर माणूस गोल फिरतो, आणि धुक्यात काठ दिसत नसल्यानं आपण फिरतोय हेच त्याला कळत नाही.

हवेचंही तेच. रात्री घरी २८ अंशांत ट्यूब ०.१ बारला टणक भरली आणि पहाटे १४ अंशांत पाण्यात घातली, तर आतला दाब साधारण निम्म्यावर, ०.०५ च्या आसपास येतो. गळती कुठेच नाही, हवा नुसती आकसली. ट्यूब मऊ पडते, माणूस खाली बसतो, पाठीची उशी कलते. म्हणून काठावर पोचल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा पंप मारायचा. उलट, १४ अंशांत टणक केलेली ट्यूब दहा वाजता उन्हात टाकली आणि रबर ४५ अंशांवर गेलं, की तोच दाब दुपटीच्या वर जातो आणि शिवण उसवते. परत आल्याबरोबर हवा थोडी सोडायची.

“ऊन पडलं की धुकं जातंच.” जातं, पण कधी? निरभ्र, शांत रात्री जमीन थंड होऊन धरलेलं धुकं सूर्य उगवल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास पुष्कळदा आणखी दाटतं, कारण खालची हवा हलकीशी ढवळली जाते. नेमक्या त्याच वेळी ‘आता उघडेल’ म्हणून लोक उतरतात. आणि ते विरतं तेव्हा बहुधा वाराही सुटतो. फ्लोट ट्यूबचा वेग मिनिटाला २५ मीटर, वारा समोरून आला की तेवढाही नाही.

तरीही अडकलातच, तर निघताना होकायंत्रावर घेतलेली दिशा कामाला येते. समजा, काठावरून ४० अंशांवर गेलात. परतीची दिशा २२०. पण २२० धरू नका, २१० धरा. ५०० मीटरवर १० अंश म्हणजे साधारण ९० मीटर, तेवढे तुम्ही मुद्दाम डावीकडे लागाल, आणि काठ लागला की, काठाकडे तोंड केल्यावर, निघालात तो धक्का उजवीकडेच आहे हे पक्कं. नेमकं २२० धरून चुकलात तर डावीकडे जायचं की उजवीकडे, हेच कळत नाही. फ्लोट ट्यूब उलटी, पाठीकडे चालते, म्हणून परतताना तोंडासमोर २१० नाही, ३० ठेवायचे. इथे पुष्कळजण फसतात. ५०० मीटरला २० मिनिटं लागतात. २५ झाली आणि काठ नाही, तर पाय थांबवा, शिट्टी वाजवा, उघडायची वाट पाहा. होकायंत्र मोबाइलपासून आणि त्या सुरीपासून हातभर लांब. मोबाइलला धुक्यातही जागा कळते, पण इतक्या कमी वेगात त्याचा दिशेचा बाण भरकटतो, आणि ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही. कपाळावरचा दिवा लावाल तर समोर पांढरी भिंत दिसेल. विजेरी कमरेशी, खाली धरा.

शिट्टीचं म्हणाल तर ती लाँचसाठी नसतेच, बरोबरच्या माणसासाठी असते. ताशी १५ किलोमीटरनं येणारी लाँच ५० मीटर १२ सेकंदांत कापते, तेवढ्यात तुम्ही ५ मीटर सरकता. म्हणून जिथे लाँचचा पंखा गाळात रुतेल, त्या उथळ काठानंच फिरायचं. हे लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात होतं. शेवटपर्यंत वाचायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

कळाशीची बोट उजनीतच वादळी वाऱ्यानं गेली, हे खरं. २१ मे २०२४, संध्याकाळ, सहा जीव गेले. मी ती धुक्याच्या खात्यात कुठेही घातलेली नाही.

धंद्याबद्दल आपण आणि मी बोलू नये. नावाडी बोलले तर ऐकेन.

न्यूटनची दुरुस्ती आज सकाळी केली आहे. शीर्षक तेच राहील.