देवदिवाळीचा वाचन-हिशेब

बलिप्रतिपदा ते देवदिवाळी म्हणजे एक पूर्ण चांद्रमास, साडेएकोणतीस दिवस. तेवढ्यात फराळ संपवायचा, पाहुण्यांना एसटीत बसवून द्यायचं, तुळशीचं लग्न उरकायचं आणि शेवटी ‘या महिन्यात मी काय वाचलं’ हा आढावा लिहायचा. पहिली तीन कामं चुकत नाहीत. चौथ्यातलं वाचन तेवढं चुकवता येतं. आढावा मात्र लिहाच. सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत सगळे लिहितायत, तुम्हीच मागे का?

आधी आकडा ठरवा. नवखी माणसं झोकात ‘पंचवीस दिवाळी अंक आणि फँटसीची एक त्रिखंडी कादंबरी’ असं लिहून मोकळी होतात आणि तिथेच फसतात. हिशेब मांडून बघा. अंक दोनशे पानांचा, त्यात पन्नास पानं जाहिराती. उरलेल्या दीडशे पानांवर सरासरी ४२० शब्द धरले तरी ६३ हजार शब्द झाले. मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने सव्वापाच तास. पंचवीस अंकांचे सव्वाएकशे एकतीस तास. कादंबरीची १,८०० पानं, पानाला ३०० शब्द, म्हणजे आणखी पंचेचाळीस. रोजचे सहा तास झाले, भाऊबीजेच्या दिवशीसुद्धा. वाचणाऱ्यांत एखादा निवृत्त गणिताचा मास्तर असतोच. म्हणून ‘तेवीस वाचले, दोन अर्धवट राहिले’ असं लिहा. तेवीस हा आकडा खरा वाटतो, आणि अर्धवट राहिल्याची कबुली दिली की उरलेले तेवीस कुणी तपासत नाही.

अंक विकत घेऊ नका. वाचनालयाची दिवाळी अंक योजना लावा. थोडी जादा वर्गणी भरली की पाडव्यापर्यंत, म्हणजे गुढीपाडव्यापर्यंत, अंक बदलून मिळतात. पहिल्या आठवड्यात मांडणीवर पाककृती, आरोग्य आणि भविष्य एवढंच शिल्लक दिसेल. नाव असलेले अंक आधीच कुणाच्या तरी उशाखाली गेलेले असतात. वाईट वाटून घेऊ नका. वार्षिक राशिभविष्य सरळ फँटसीत धरा. बारा राशी म्हणजे बारा कथा, प्रत्येकीत परदेशगमनाचा योग आणि पोटाचे विकार. या महिन्यात शेवटपर्यंत वाचला जाणारा ऐवज बहुधा एवढाच.

आता प्रत्यक्ष वाचन. एका अंकाला अकरा मिनिटं पुरतात. संपादकीयाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा. मधे कागदाचे भाव आणि न आलेल्या जाहिराती असतात. परिसंवादाचं फक्त शीर्षक. आठ जणांनी लिहिलेलं असतं, त्यातला एक जण उलटं बोलतो. आढाव्यात ‘पाचवा लेख वेगळा सूर लावतो’ असं ठोकून द्या, फार तर एका घराने चुकेल. एका पानावर चार कविता आणि मधोमध एक उदास रेखाचित्र असतं. त्यातली एक ओळ उचला आणि कविता ‘अस्वस्थ करणारी’ म्हणा. व्यंगचित्रं सगळी बघा, त्यात काटकसर नको. कथेचे पहिले दोन परिच्छेद आणि शेवट.

या शेवटाशीच बहुतेकांचा पाय घसरतो. दिवाळी अंकात कथा जिथे सुरू होते तिथे संपेलच असं नाही. खाली बारीक टाइपात ‘पान १८७ वर’ असं छापलेलं असतं आणि १८७ वर तीन कथांची शेपटं एकाखाली एक लटकत असतात. घाईत भलतंच शेपूट हाती लागतं. मग पुण्याच्या आयटीतली नायिका आढाव्यात कोकणातल्या विहिरीत उडी घेते. कुणी विचारलंच, तर लेखकाने जादुई वास्तववाद वापरलाय म्हणा.

वाचनालयाच्या अंकाची आणखी एक गंमत माहीत असू द्या. डिंकाने चिकटवलेली पाठ दहा हातांतून फिरली की उकलते, म्हणून तिथले काका आधीच टोच्याने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने अंक शिवून टाकतात. त्या शिवणीत उजव्या पानावरच्या ओळींची पहिली अक्षरं जातात. ‘असंभव’चं ‘संभव’ होतं, ‘अविवाहित’ लग्नाला मोकळी राहत नाही. फँटसी कथेला याने उलट जोरच येतो.

जाड फँटसीकडे वळा. आधी नकाशा. उत्तरेला बर्फ, दक्षिणेला वाळवंट, मधून एक नदी; पण त्या नदीला धोक्याची पातळी नसते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या ४५ फुटांवर डोळा ठेवून पावसाळा काढणाऱ्या माणसाला ती नदी पटत नाही. तरीही आढाव्यात ‘थक्क करणारी विश्वनिर्मिती’ असं लिहायचं. मग वंशावळ. सत्तर नावं असतात, त्यातली निम्मी एकाच अक्षराने सुरू होतात. कोण कुणाचा मेव्हणा हे भडंगाच्या कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद टाकू नका. दुसऱ्या खंडात तोच मेव्हणा राजा होतो. पहिला खंड वाचायची गरज नाही. तिसऱ्याच्या सुरुवातीला ‘आतापर्यंत काय घडलं’ हे बहुतेक दीड पानात आवरलेलं असतं.

एक वाक्य मात्र चुकूनही लिहू नका: ‘मराठीत फँटसी नाहीच.’ लगेच कुणीतरी उठून १८६८ची रिसबुडांची अद्भुतरम्य कादंबरी ‘मंजुघोषा’ तुमच्या पुढ्यात आपटेल. आणि तो सांगलीकर असेल तर एवढ्यावर थांबणार नाही. ५ नोव्हेंबर १८४३ला याच गावात पटवर्धन सरकारांपुढे विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या धर्तीच्या नाटकांत राक्षस ‘अलल डुर्र’ करत आरोळ्या ठोकत यायचे, हे तो साभिनय सांगेल. पहिला दिवाळी अंक म्हणून ज्याचं नाव घेतात, तो काशिनाथ रघुनाथ मित्रांचा ‘मनोरंजन’ १९०९चा. म्हणजे राक्षस आमच्याकडे सहासष्ट वर्षं आधी आले, हे वर. त्याच ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन बरेचदा या वाचनाच्या महिन्यातच पडतो, तेव्हा हा माणूस भेटणारच.

‘पुस्तक दाखवा’ असा आग्रह झाला तर ‘पुरात गेलं’ हे उत्तर सांगलीत चालतं. पण यंदाचा अंक २०१९च्या पुरात जात नाही, एवढं भान ठेवा. शिवाय ज्यांची कपाटंच्या कपाटं तेव्हा खरोखर चिखलात गेली, ते कधी यादी सांगत नाहीत.

शेवटी फोटो: पणती, चकली, अंक. चकली अंकावर ठेवायची नसते, पण सगळे ठेवतातच. गुळगुळीत मुखपृष्ठावरचं तेल पुसलं जातं. आतला खरखरीत कागद ते पिऊन टाकतो आणि डाग मागच्या कथेत उमटतो. लगेच दोन्ही बाजूंनी कॉर्नफ्लोअर भुरभुरा, वर टीपकागद आणि रात्रभर पाटा. सकाळी निम्मा डाग जातो.

चिवड्याच्या हळदीचं प्रकरण जास्त अवघड. साबणाचं बोट लावलंत तर डाग कुंकवासारखा लाल होतो. उन्हात धरलात तर हळद उडते, पण तोवर कागदच पिवळा पडतो. हळदीच्या बाजारपेठेत राहून हे ठाऊक नसेल तर कठीण आहे. त्यापेक्षा डाग कामाला लावा. अंक परत घेताना काका पानं फर्रकन उलटतात, आणि पिवळी बोटं सतराव्या पानावर थांबलेली असली की तुमचे तेवीस अंक तिथेच संपतात. म्हणून परत करण्याआधी मूठभर चिवडा खा आणि दर वीस पानांमागे समासात एक बोट उठवा. अंगठा खालच्या कोपऱ्यात, हलका. कवितांच्या पानावर दोनदा.

फक्त भविष्याच्या पानाला आता हात लावू नका. तिथे तुमची बोटं आधीच आहेत, पाचही, आणि सगळी एकाच राशीवर. काका तिथे थांबतील, चष्मा वर करतील आणि पुढच्या अंकावर शिक्का मारता मारता विचारतील, “कन्या का ओ तुमची?”