हेडचे नट पाईप लावून आवळणाऱ्यांसाठी

यामाहा आरएक्स 100 बाईकचं इंजिन बांधताना हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, नट कसे आवळायचे याचा एक सल्ला फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला क्लिक करणारा पाना) म्हणजे नखरे, पान्याला पाईप लावा, एकेक नट फुल आवळून पुढच्याला जा, आट्यांना ऑइल नको आणि नंतर परत हात लावायचा नाही.

आधी पाईपचं बघू. नट आवळला की स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) किंचित ताणला जातो आणि तो ताणच हेडला दाबून धरतो, पण ताणाला हद्द असते. 8 एमएमच्या 8.8 ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे स्टीलची ताकद) स्टडला कोरड्या आट्यांवर ढोबळमानाने 25 न्यूटन मीटर पुरतं (तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या), म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला जेमतेम 10 किलोचा जोर. पाईपने लांबी दुप्पट केली की तोच हात 50 देतो आणि हाताला पत्ताही लागत नाही. वर इंजिन तापलं की ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे स्टड अजून ओढला जातो. माझा एक स्टड एका गॅरेजवाल्याने असाच उपटला, बाहेर आला तेव्हा आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत गुंडाळी अडकलेली, पेनातल्या स्प्रिंगसारखी. मग काय, हेलिकॉईल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी.

एकेक नट फुल आवळला तर हेड एका बाजूने बसतं आणि दुसरीकडे गॅस्केटवर (हेडखालच्या गळती रोखणाऱ्या पातळ पत्रीवर) दाब कमी पडतो, पुढे तिथूनच फिन्समध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमध्ये) काळा तेलकट ओघळ दिसायला लागतो. समोरासमोरचे नट घ्या, दोन-तीन फेऱ्यांत.

ऑइलचं अर्धं खरंय. पान्याचा 90 टक्क्यांच्या आसपास जोर घर्षणातच जातो, त्यामुळे ऑइल लावलं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांचा की ऑइलवाल्या ते बघायचं. गंजलेल्या आट्यांवर उलटं होतं, रेंच क्लिक करतं पण नट खाली बसलेलाच नसतो, तेव्हा आधी वायर ब्रश मारा.

परत हात लावायचा नाही म्हणे! नवीन गॅस्केट पहिल्यांदा तापल्यावर दबतं, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर इंजिन पूर्ण थंड करून परत तपासायचंच.

जुन्या मिस्त्रींचा हात बसलेला असतो हे मान्य, पण मी पाहिलेले तसले मिस्त्री हेडला पाईप लावतच नाहीत. आणि रेंचवाल्यांनो, एक क्लिक झालं की थांबा, खात्रीसाठी परत परत क्लिक करू नका.