एलजीटीएम म्हणा अन् चहाला चला

सी भाषेतला कोड तुमच्याकडं रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, आला तर आधी घाबरायचं नाही. चारशे ओळींचा बदल असला तरी दहा मिनिटांच्या वर वेळ द्यायचा नाही, तेवढ्यात खालच्या टपरीवर चहा होतोय. स्पेस-टॅब बघायचे, कंस खालच्या ओळीला कामून टाकला विचारायचं, व्हेरिएबलच्या नावात स्पेलिंग चुकलंय ते पकडायचं. असल्या सात-आठ कमेंटा पडल्या की समोरच्याला वाटतं भाऊनं ओळ न् ओळ वाचली. मग एलजीटीएम, म्हणजे 'लुक्स गुड टू मी', लिहून मोकळं व्हायचं. मॅलॉक (मेमरी मागून घेणं) किती झाले अन् फ्री (ती परत देणं) किती, हे मोजणं म्हणजे लग्नानंतर मंडपवाल्याची ताटं मोजून परत देण्यासारखं काम, ते घरातल्या एखाद्या चिडक्या काकांनी करावं, तुम्ही जेवून हात धुवायचे.

तरी असं मोजणारं एक माणूस प्रत्येक टीममध्ये निघतंच. आमच्याकडं नांदेडची एक पोरगी नवीन आलती. ती वहीत रेघ मारून डाव्या बाजूला लिहायची मेमरी कुठं कुठं घेतली, उजव्या बाजूला फंक्शनमधले झाडून सगळे रिटर्न, अन् मग एकेकावर बोट ठेवून विचारायची, "दादा, इथून बाहेर पडलो तर हा बफर कोण सोडणार? ज्यानं हे फंक्शन बोलावलं तो का आपण?" आता ह्याचं उत्तर शोधायला बसलं तर संध्याकाळ होते, कारण ते कोड लिहिणाऱ्याला पण माहीत नसतं. तुम्ही म्हणायचं, "तिकीट टाकून ठेव, पुढच्या स्प्रिंटला बघू."

तिनं सुचवलं होतं की सगळे एरर गोटोनं, म्हणजे थेट उडी मारून, खाली एकाच क्लीनअप लेबलवर आणू अन् तिथंच एकदा फ्री करू. लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये हीच पद्धत लिहून दिलीय म्हणे. असंल. पण आपण कॉलेजात "गोटो वाईट" पाठ करून पास झालोय, मार्क पण मिळालेत, आता ह्या वयात मत बदलायचं का.

"पी बरोबर रीॲलॉक पी" अशी ओळ दिसली, म्हणजे घेतलेल्या मेमरीचा आकार बदलून नवा पत्ता त्याच पी मध्ये ठेवणारी, तर तोंडभरून कौतुक करा, किती सुटसुटीत. जागा मिळाली नाही की रीॲलॉक नल, म्हणजे रिकामा पत्ता, देतं, जुना ब्लॉक तसाच पडून राहतो अन् त्याचा पत्ता आपणच आपल्या हातानं पुसलेला असतो, हे खरंय, पण एवढं कोण बघतंय राव.

फारच कोणी मागं लागलं तर गळती, म्हणजे घेऊन परत न दिलेली मेमरी, शोधणारं टूल पुढं करायचं. "व्हॅलग्राइंड मारलंय, डेफिनेटली लॉस्ट झिरो बाइट." ह्यापुढं भलेभले गप बसतात. व्हॅलग्राइंड घ्या नाही तर जीसीसी कंपायलरमधलं ॲड्रेस सॅनिटायझर घ्या, जो कोड चालला त्यातलीच गळती ते सांगणार, टेस्टमध्ये एररचा रस्ता चाललाच नाही तर तिथलं त्याला काय कळतंय. तो रस्ता माणसानं डोळ्यानं वाचायचा असतो. पण हे तुमच्या-माझ्यात राहू द्या, नाही तर उद्या वाचायला लावतील.

आमचं ह्याच पद्धतीनं झकास चाललंतं. वाळूजमधलं आमचं ऑफिस, अन् लातूरकडच्या एका गावात पाण्याच्या टाकीवर आमचं मशीन, टाकी भरली की मोटार बंद करणारं. ६४ एमबी रॅमचा बोर्ड, लिनक्स अन् आपला प्रोग्रॅम धरून ३५ एमबी मोकळी. दर पाच सेकंदाला सेन्सरकडून १०० बाइटची एक ओळ यायची, स्ट्रडपनं नवी मेमरी घेऊन तिची कॉपी व्हायची, रीडिंग सरळ असलं तर शेवटी फ्री, वाकडं असलं तर मधूनच रिटर्न मायनस वन. ती ओळ मी स्वतः रिव्ह्यूत बघितलेली आहे, तिथं माझी कमेंट पण आहे, "मायनस वन असं उघडं लिहू नका, मॅक्रो करून नाव द्या." त्यानं मॅक्रो केला. मी एलजीटीएम दिलं.

ऑफिसात अर्धा तास टेस्ट झाली, सेन्सर नवा कोरा, सगळं ओके. गावात उंदरानं वायर कुरतडली अन् एकाआड एक रीडिंग वाकडं यायला लागलं. दिवसाला ८,६४० वाकडी रीडिंग, म्हणजे ८ लाख ६४ हजार बाइट गेले ते गेलेच. चाळीस दिवस मशीननं कळ काढली. मग एका रात्री मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणाऱ्या लिनक्सच्या ओओएम किलरनं सगळ्यात जास्त मेमरी खाणारा म्हणून आमचाच प्रोग्रॅम उचलला, मोटार चालू ती चालूच. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या गावात टाकी रात्रभर उतू गेली. सकाळी पंप बघणाऱ्या मामांचा फोन, "साहेब, ओढ्याला पूर आलाय बगा, अन् तुमचं मशीन गपगार बसलंय."

मीटिंगमध्ये उंदीर दोषी ठरला.

अन् उपाय पण निघाला. प्रोग्रॅम मेला की त्याची सगळी मेमरी लिनक्स आपोआप परत घेतं, मग फ्री हवंय कशाला, रोज रात्री तीनला क्रॉननं, म्हणजे ठरल्या वेळी काम करणाऱ्या प्रोग्रॅमनं, मशीनच बंद-चालू करायचं. ती एक ओळ नियमाप्रमाणं रिव्ह्यूला टाकली होती. दोन मिनिटांत पास झाली, फक्त एकानं विचारलं, तीनच कामून, चार कामून नाही.