पझेशन झालेली माणसं

गुरुवारी सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा टाय लावलेल्या एका पोरानं मला विनंती केली, "सर, दोन पावलं डावीकडे सरकता का, प्लीज?" मी सरकलो. पुण्यात कुणी इतक्या गोड आवाजात 'सर' म्हटलं की माणूस आधी सरकतो आणि मग विचार करतो. विचार केल्यावर लक्षात आलं की माझ्यामागं कचऱ्याचा निळा ड्रम होता आणि आता तो माझ्यामुळे व्यवस्थित झाकला गेला होता. तेवढ्यात सेल्स ऑफिसकडून बॅटरीची गाडी आली. तिच्यात फेज टू बघायला आलेलं एक कुटुंब होतं. पोरानं माझ्याकडे हात केला. "आणि हा आपला बस स्टॉप. बघा, आपले रहिवासी पब्लिक ट्रान्सपोर्टच वापरतात."

आपले रहिवासी म्हणजे मी.

आमची सोसायटी वाघोलीत, केसनंद फाट्यावरून आत. ऑफिस नळ स्टॉपला. रामवाडीला मेट्रोत शिरलो की पुढचं काम सोपं आहे. गारेगार डब्यातून नळ स्टॉपला उतरायचं, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडत नाही. प्रश्न फक्त रामवाडीपर्यंत पोचायचा. पूर्वी स्कूटर होती. मणक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, "नगर रोडनं जाता का?" एवढंच विचारलं आणि गोळ्या लिहायला घेतल्या. स्कूटर विकली.

आता या स्टॉपबद्दल. तो बिल्डरनं स्वखर्चानं बांधलाय आणि दिसायला खरंच देखणा आहे. चकचकीत स्टीलचा बाक, मोबाईल चार्जिंगची सोय, दोन्ही बाजूंना कुंड्या. बाक सकाळी नऊनंतर तापतो, म्हणून त्यावर कुणी बसत नाही. छप्पर असं काही वळवलंय की सावली बरोबर मागच्या गटारावर पडते. जिथं बसचे नंबर लिहायचे तिथं फेज टूची जाहिरात आहे: स्विमिंग पूल, पुलात एक हसरं कुटुंब, आणि पुलाच्या काठावरून, म्हणजे टॉवेल टाकायला जिथं खुर्च्या असतात साधारण तिथून, धावणारी मेट्रो. चित्रातलं पोरगं मेट्रोला टाटा करतंय. खाली मोठ्या अक्षरांत 'मेट्रो स्टेशन ५ मिनिटांवर', त्याला एक चांदणी, आणि पार कोपऱ्यात, चष्मा काढून नाक टेकवल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, त्या चांदणीचा खुलासा: 'प्रस्तावित. चित्र कलाकाराच्या कल्पनेनुसार.' बस येईपर्यंत भरपूर वेळ असतो, म्हणून मी वाचलंय.

तर ते कुटुंब. मुलगा खराडीच्या आयटीतला असावा, गळ्यात पट्टा होता. सून मोबाईलवर हप्त्याचा हिशेब करत होती. आणि मुलाचे वडील, पांढरी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा, शिरूरकडचे. बॅटरीच्या गाडीतून उतरले ते एकटेच. त्यांनी स्टॉपला एक चक्कर मारली. खांबावर बोटानं टकटक करून पाहिलं. जाहिरातीतल्या मेट्रोकडे आणि मग समोरच्या मोकळ्या माळाकडे आळीपाळीनं बघितलं.

"पाव्हणं," ते मला म्हणाले, "बस किती वेळानं येती?"

"फ्रीक्वेन्सी चांगली आहे, काका," पोरगा म्हणाला.

"तुला न्हाई, ह्यांना इचारलं."

मी घड्याळ बघितलं. "पावणेनऊपासून उभा आहे."

काकांनी स्वतःचं घड्याळ बघितलं. दहाला पंचवीस कमी होते.

"सर जरा लवकरच येतात," पोरगा म्हणाला. "त्यांना सकाळची मोकळी हवा आवडते."

त्याच क्षणी खडीचा डंपर गेला. मोकळी हवा आमच्या सगळ्यांच्या दातांत आली. सुनेनं हिशेब सोडून नाकाला ओढणी लावली. पोरगा डगमगला नाही. "डेव्हलपमेंट चालू आहे ना, काका. डंपर आहेत म्हणजे एरिया वाढतोय. डंपर थांबले की समजायचं, रेट थांबले."

हे वाक्य मला इतकं आवडलं की रागावायचं राहून गेलं. माझा सगळ्यात मोठा वैताग या पोरानं एका दमात गुंतवणुकीचा सल्ला करून टाकला. काकांनाही ते पटल्यासारखं दिसलं, पण शेतकरी माणूस, बियाण्याची पिशवी घेतानासुद्धा फोडून बघणारा. "बरं, मग ही एष्टी हितं थांबती का? आमच्याकडनं नगर रोडनंच येती."

"फाट्यावर थांबते," मी म्हणालो.

"फाटा किती लांब?"

"वॉकेबल आहे," पोरगा म्हणाला.

"फुटपाथ हाय का?"

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं. काकांनीही माझ्या बुटांकडे बघितलं. आणि त्यांना उत्तर मिळालं.

इथं मी थोडा धीट झालो. पोराला म्हटलं, "ह्यांना परत सोडायला तुमची पांढरी गाडी रामवाडी स्टेशनपर्यंत जाणार ना?" ती रोज जाते. स्टेशनवरून गिऱ्हाइकं आणायची, सॅम्पल फ्लॅट दाखवायचा, कॉफी पाजायची, परत स्टेशनवर सोडायचं. मी स्टॉपवरून तिला जाता-येता बघतो. एसी लावलेला असतो, मागच्या काचेवर 'आपल्या स्वप्नांच्या वाटेवर' असं लिहिलंय.

"हो सर, पिकअप-ड्रॉप फ्री आहे आपल्याकडे."

"मग मलाही सोडा."

पोराचा चेहरा खरोखर दुःखी झाला. "सर, ती क्लायंटसाठी असते."

"मी क्लायंटच आहे की. बी विंग, सातवा मजला."

"नाही सर, तुमचं पझेशन झालं ना."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आता रेसिडेंट. गाडी ज्यांनी अजून घर घेतलं नाही त्यांच्यासाठी आहे. पझेशन झालेल्यांना बसवायला अलाऊड नाही, इन्शुरन्सचा इश्यू होतो."

काका मध्ये पडले. "आरं, पुढं डायवरशेजारी जागा हाय की. बसू दे त्यांना."

पोरानं फोन लावला. "मॅडम, एक रेसिडेंट रामवाडीपर्यंत मागतायत... नाही मॅडम... हो, आधीच घेतलंय त्यांनी... फेज वन..." मग फोनवर तळवा ठेवून अगदी हळू आवाजात, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसं, मला विचारलं, "सर, फेज टूमध्ये काही इंटरेस्ट आहे का? थोडा जरी असेल तर फॉर्म भरून घेतो. मग बसवता येईल."

एका फॉर्मचा प्रश्न होता. पण माणसाला स्वाभिमान असतो, आणि माझा नेमका गुरुवारी होता. नाही म्हणालो. पांढरी गाडी काकांना घेऊन गेली. काकांनी काच खाली करून मला राम राम केला, त्यात कीव होती. बस दहा वाजून गेल्यावर आली आणि भरलेली होती.

आता हसणं बाजूला ठेवून एक सांगतो. घराची नोंदणी करताना पुण्यात मुद्रांक शुल्काबरोबर मेट्रोसाठी १ टक्का अधिभार भरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून लागू आहे. साठ लाखांचं घर असेल तर साठ हजार रुपये झाले. कोथरूडमध्ये जिन्याखाली मेट्रो असलेला माणूसही तेवढाच टक्का देतो आणि वाघोलीत डंपरची धूळ खाणारा मीही तेवढाच देतो. जून २०२१ च्या अखेरीस वाघोली बाकीच्या बावीस गावांसोबत महापालिकेत आली. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मेट्रो मंजूर केली. तिकडे वनाजपासून चांदणी चौकापर्यंतचा तुकडा धरून १२.७५ किलोमीटर, १३ स्टेशनं, ३,६२६ कोटी रुपये, मुदत चार वर्षं. चांगलंच आहे. पण पैसे नोंदणीच्या दिवशी घेतले, अंगठ्याचा ठसा आणि फोटोसकट. चार वर्षांनी येणाऱ्या गाडीचं तिकीट आधी फाडून घेतलंय, निदान तोपर्यंत फाट्यापर्यंत एक सलग फुटपाथ तरी द्या. नगर रोडवर २०१६ मध्ये बीआरटी, म्हणजे बसला वेगळी राखीव लेन, आली होती, ती पुढे टप्प्याटप्प्यानं उखडलीही. आमच्या बाजूला यायचं म्हटलं की वाहतुकीच्या योजनांना धाप लागते की काय कोण जाणे.

आणि ज्यांना मेट्रोची काडीची गरज नाही, त्यांच्या दारात ती उभी. माझ्या सासूबाई कोथरूडला, आयडियल कॉलनी स्टेशन गॅलरीतून दिसतं अशा घरात राहतात. त्यांना कुठेही जायचं नसतं. भाजी खाली, बँक खाली, देऊळ शेजारी. तरी मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे सुरू झाली, त्या आठवड्यात त्या गरवारेला जाऊन आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये रूबी हॉलपर्यंत वाढली, रूबी हॉलला जाऊन आल्या. मार्च २०२४ मध्ये रामवाडी झाली, रामवाडीला आल्या. स्टेशनवरून मुलीला फोन केला, "मी तुझ्या घराजवळ आलेय," आणि त्याच गाडीनं परत गेल्या. पुढचा प्रवास रिक्षावाल्याशी वाद घालून करायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. "आमच्याकडे कशी, एक गाडी चुकली तरी लगेच दुसरी येते," हे मात्र त्या दर फोनवर ऐकवतात. कोथरूडकरांनी मेट्रो स्वतः ओतून काढल्यासारखा सूर असतो.

गुरुवारी रात्री बायकोनं हा सगळा प्रकार आईला फोनवर सांगितला. मला वाटलं, सहानुभूती मिळेल. पलीकडून बराच वेळ फक्त प्रश्न येत होते. गाडी कुठून निघते? फुकट म्हणजे अगदी फुकट? कॉफी साधी की फिल्टर?

शनिवारी अकरा वाजता बेल वाजली. दारात सासूबाई. मागं तोच टायवाला पोरगा, एका हातात फेज टूचं जाड ब्रोशर, दुसऱ्या हातात त्यांची लोणच्याची बरणी. रामवाडी ते आमचं दार, एसीतून. सॅम्पल फ्लॅट बघून झाला होता, कॉफी झाली होती, "किचन अंधारं आहे" हे सांगून झालं होतं, आणि परतीच्या ड्रॉपची वेळ संध्याकाळी पाचची ठरली होती. पोरगा त्यांना 'आजी' म्हणत होता आणि पायरी आली की हात देत होता.

"फार गुणी मुलगा आहे," सासूबाई बसता बसता म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलंय. टू बीएचके बघायचा राहिलाय. आणि हो, फॉर्मवर कुणाकडून कळलं म्हणून विचारत होते, तर मी तुमचं नाव दिलं."

पोरानं ब्रोशरमधून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "रेफरलबद्दल, सर. कंपनीतर्फे."

आत पाचशे रुपयांचं पेट्रोलचं कूपन होतं.