मुस्तफा गेममध्ये बटण जोरात आपटल्याने फटका जोरात बसत नाही

‘मुस्तफा गेमची गुपितं, जी पार्लरवाल्याने तुम्हाला कधीच सांगितली नाहीत’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला. मी वाचेपर्यंत भाच्याने तो अमलात आणलाही होता. नव्याकोऱ्या जॉयस्टिकचं एक बटण मूठ आपटून आपटून आत रुतलंय आणि पोराचा तळहात लालभडक झालाय. लोक न तपासता असलं काहीतरी पुढे ढकलतात याचा मला मनापासून राग येतो.

ज्यांना नाव आठवत नसेल त्यांच्यासाठी: आपण ज्याला ‘मुस्तफा’ म्हणायचो तो गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. एक दांडा आणि दोन बटणं, एक फटक्याचं, एक उडीचं. सगळी मारामारी एवढ्यावरच.

फॉरवर्डमधला पहिला मुद्दाच सगळ्यात घातक आहे: ‘बटण जितकं जोरात दाबाल तितका गुंडाला मार जास्त बसतो.’ साफ खोटं. पार्लरच्या मशीनचं बटण खालून उघडून बघा. प्लॅस्टिकच्या दांडीखाली एक बोटभर मायक्रोस्विच असतो, त्याला दोन वायरी. बटण थोडंसं खाली गेलं की ‘टिक्’ होतं आणि सर्किट जुळतं. त्यापुढे तुम्ही मूठ आपटा नाहीतर कोपर, त्या स्विचला काहीही जास्तीचं कळत नाही. पटत नसेल तर मेम या एम्युलेटरचा, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड बघा. जुनी आर्केड मशीन जशीच्या तशी चालावीत म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं खपून तो लिहिलाय आणि तो सगळ्यांना खुला आहे. मुस्तफा ज्या सर्किट बोर्डावर चालायचा, कॅपकॉमच्या त्या बोर्डाच्या फाइलमध्ये प्रत्येक बटणाला एक बिट दिलाय. एक बिट म्हणजे दाबलंय किंवा दाबलेलं नाही. ‘किती जोरात’ हे लिहून ठेवायला तिथे जागाच नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. जोर मोजणारं मशीन खरंच होतं. कॅपकॉमच्याच १९८७ च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’च्या मोठ्या मशीनला ठोसा आणि लाथ यांसाठी दोन रबरी गाद्या होत्या आणि त्यांवर किती जोरात मारलं यावरून हलका, मध्यम की जबर फटका ते ठरायचं. पण तो एकास एक लढतीचा गेम. त्या गाद्याही टिकल्या नाहीत, त्यांच्या जागी सहा बटणांचं मशीन चाललं. तिथली गोष्ट उचलून मुस्तफावर चिकटवणं म्हणजे पोरांच्या हातांशी खेळ आहे.

मग मार कशाने वाढतो? तुम्ही कुठली चाल खेळता यावर. फटके सलग बसत गेले की शेवटचा फटका समोरच्याला आडवा करतो. दांडा एकाच दिशेला दोनदा झटकला की धाव घेता येते आणि धावता धावता मारता येतं. बटण न दाबता गुंडाला जाऊन भिडलात की तो आपोआप पकडीत येतो. मग दिशा आणि फटका एकत्र दिले की तो फेकला जातो, आणि वाटेत उभे असलेले त्याचे साथीदारही लोळतात. गर्दीतून सुटायला यासारखी चाल नाही.

दुसरा मुद्दा: ‘दोन्ही बटणं एकदम दाबत राहा, कोणी अंगाला हात लावणार नाही.’ हात लावणार नाही हे खरं, पण दोन्ही बटणांनी निघणारी ती गिरकी एखाद्याला लागली की तुमच्या लाइफच्या पट्टीतून तुकडा जातो. १९८९ च्या ‘फायनल फाइट’ या अशाच मारामारीच्या गेमपासून कॅपकॉमने हाच हिशेब ठेवलाय. ती चाल चारी बाजूंनी घेरलं गेल्यावर वापरायची असते. भाचा पहिल्या बॉसपर्यंत (स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत) पोचतो तोच अर्धमेला, त्याचं कारण हेच. मोफत चाल हवी असेल तर दांडा खाली, लगेच वर आणि फटका. प्रत्येक पात्राची ती वेगळी आहे.

‘यात डोकं लागत नाही, नुसतं बडवत सुटा’ हेही त्यात आहेच. पहिली स्टेज बडवून निघते, कबूल. पुढे नाही निघत. या गेममध्ये रस्त्याला रुंदी असते. गुंड तुमच्या रेषेत नसेल तर ठोसा हवेत जातो, आणि तो तिरका चालत येऊन तुम्हाला गाठतो. म्हणून वर-खाली सरकत सगळ्यांना एका बाजूला आणणं ही निम्मी लढाई. ‘फायनल फाइट’चे कसलेले खेळाडू तर दोन ठोसे मारून पाठ फिरवतात, तिसरा मुद्दाम हवेत मारतात आणि पुन्हा वळतात. त्याने फटक्यांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते, समोरचा पडतही नाही आणि सुटतही नाही. आंधळेपणाने बडवणाऱ्याला हे कधीच जमणार नाही.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. ‘मुस्तफा सगळ्यात ताकदवान’? नाही, गेममधल्या चार पात्रांपैकी मुस्तफा हा वेगाचा गडी. ताकद मेसची, जॅक सगळ्याच बाबतीत समतोल आणि हॅना कसबाची. ‘डायनासोर दिसला की मारा’? अहो, जॅकची टोळी डायनासोरांची शिकार करणाऱ्यांशीच लढतेय. गोळीबाराने खवळलेलं जनावर समोर येईल त्याच्यावर धावून जातं, आपल्याला ते शांत करायचं असतं.

राहिलं ‘ठरावीक वेळाने मशीन मुद्दाम मारतं’. स्क्रीनवर घड्याळ उलटं चालू असतं, ते शून्यावर गेलं की लाइफ जाते. गेम किती अवघड ठेवायचा हे मशीनच्या मालकाला टेस्ट मेनूतून ठरवता यायचं, तेवढा संशय रास्त आहे. त्यापलीकडे कुणी कट केलेला नाही.