स्वयंसेवकांच्या हाती दाताळ्यासोबत नोंदवहीही द्या

पानगळ सुरू झाली की वनस्पती उद्यानांना स्वयंसेवकांची आठवण होते. पाला पडलेला असतो, माळी कमी असतात, मग येईल त्याच्या हातात दाताळं. मीही हे काम करते आणि मला ते मनापासून आवडतं. तरीही ठामपणे सांगते: या दिवसांत स्वयंसेवकांकडून नुसता पाला गोळा करून घेणं हे उद्यानाचंच नुकसान आहे.

वनस्पती उद्यान आणि फिरायची बाग यांत फरक आहे तो नोंदींचा. इथल्या झाडाला क्रमांक असतो. त्याचं बी कुठल्या रानातून, कधी, कोणी आणलं हे लिहिलेलं असतं. १५४५ साली इटलीत पाडुआचं उद्यान उभं राहिलं तेच मुळी विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती अचूक ओळखता याव्यात म्हणून. आज जगातल्या उद्यानांत मिळून एक लाखाहून जास्त प्रजाती जपलेल्या आहेत, म्हणजे माहीत असलेल्या वनस्पतींपैकी जवळजवळ तीस टक्के. हा आकडा २०१७ च्या एका अभ्यासातला आहे आणि तो मोजता आला तोही उद्यानांनी नोंदी ठेवल्या म्हणूनच.

या नोंदींना सगळ्यात जास्त धोका पानगळीतच असतो. कंदवर्गीय आणि इतर बहुवर्षायू झाडोऱ्यातला बराचसा या काळात जमिनीवरून पार नाहीसा होतो. वर उरते फक्त नावाची पाटी. घाईघाईत दाताळ्याने ती पाटी हातभर सरकली, तर वसंतात कुणाचं तरी फावडं थेट कंदावर पडतं. किंवा कंद उगवतो, पण शेजारच्याच्या नावाने. चुकीच्या नावाने वाढणारी दुर्मीळ वनस्पती संशोधकाच्या काय कामाची? म्हणून पाला हलवण्याआधी वाफ्यातल्या पाट्या नोंदवहीशी ताडून पाहणं, पुसट झालेल्या वेगळ्या लिहून ठेवणं, मोडलेल्या बदलणं ही कामं आधी हवीत. याला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. ती स्वयंसेवकांकडे भरपूर असते, विशेषतः वर्षानुवर्षं एकच वाफा सांभाळणाऱ्यांकडे.

बियांचंही तसंच. पुष्कळ बिया नीट सुकवून गोठवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. ओकचं फळ मात्र सुकलं की मेलं. ते पडल्या पडल्या वेचून लवकर पेरावं लागतं. ते कधी पडतंय यावर लक्ष ठेवायला रोज तिथून जाणारी माणसं हवीत. आणि कुठल्या झाडाखालून वेचलं हे पिशवीवर लिहिलं नाही, तर ती मेहनत अर्धी वाया.

आता पाल्याबद्दल. वाटांवरचा, हिरवळीवरचा आणि रोगट पाला उचलायलाच हवा. पण झाडाखालचा निरोगी पाला राहू द्या. का, ते एका वादळाच्या गोष्टीतून कळतं. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री इंग्लंडमध्ये वादळ झालं. झाडांवर अजून पानं होती, त्यामुळे वाऱ्याचा मारा जास्तच बसला. लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानात सुमारे सातशे झाडं गेली. तिथला १७९८ साली लावलेला एक ओक आधीपासून खंगत होता. वादळाने तो मुळांसकट उचलला आणि परत जागेवर टेकवला. त्याला टेकू देऊन ठेवलं, आणि तीनेक वर्षांत तो तरारून उठला! माणसांच्या पायांनी घट्ट झालेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती. क्यूमध्ये त्यानंतर मुळांभोवतीची माती मोकळी करण्याकडे लक्ष दिलं जाऊ लागलं. खोडापासून थोडा दूर पसरलेला पाला हेच काम सावकाश करतो, कारण तो खायला गांडुळं येतात आणि लोकांचे पायही तिथून लांब राहतात.

स्वयंसेवक नोंदीत चुका करतील, अशी शंका घेतली जाते. करतील, पहिल्या दिवशी. म्हणून अनुभवी माळ्यासोबत जोडी लावून द्या. आणि हो, माळ्याच्या पगाराला पर्याय म्हणून स्वयंसेवक वापरायला माझा पूर्ण विरोध आहे. शिकवणारा माळीच नसेल तर आम्ही शिकणार कुणाकडून?

यंदा कुठल्या उद्यानात नाव नोंदवणार असाल, तर पहिल्याच दिवशी विचारा: आमच्या वाफ्याची नोंदवही कुठे आहे? ती दाखवायला कुणी का-कू केली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.