सेव्हर्नची उंची कळते, तिळारीची नाही

मी राहतो त्या इंग्लंडातल्या वूस्टरला कॅथेड्रलच्या मागे सेव्हर्न नदीकडे उतरणारी एक दगडी कमान आहे. तिच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा कोरलेल्या आहेत आणि शेजारी साल. १७७० ची आहे, १९४७ ची आहे. आई इथं आली होती तेव्हा तिनं त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आपल्या माजघरातल्या खांबासारखंच की रे हे!" साळच्या आमच्या घरात आजोबांनी खांबाला कोयत्याने खाचा पाडून ठेवल्या आहेत. साल मात्र लिहिलेलं नाही. ते आईला तोंडपाठ.

साळ गोव्याच्या डिचोली तालुक्यात. आमची न्हंय, म्हणजे तिळारी नदी, वरून दोडामार्गातून येते. तिळारी धरण महाराष्ट्राच्या हद्दीत, प्रकल्प दोन्ही राज्यांचा. ऑगस्ट २०१९ मध्ये धरणाचं पाणी सुटलं आणि पेडणे-डिचोलीतली नदीकाठची गावं पाण्यात गेली. भावाचा फोन आला तो एवढाच : "गोठ्यात पाणी शिरलंय, म्हशी सोडल्यात, मागनं बोलतो." तेव्हापासून दर पावसाळ्यात तोच वाद ऐकतो. एक बाजू म्हणते कळवलं होतं, दुसरी म्हणते कळलं नाही. मला तर दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. कळवलेलं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचतं, गोठ्यापर्यंत येत नाही.

सेव्हर्नचंही असंच आहे. उगम वेल्समध्ये, पूर इंग्लंडात, आणि दोन्हीकडची खाती वेगळी. तरी वरच्या अंगाला दर पंधरा मिनिटांनी मोजलेली पाण्याची उंची मला स्वयंपाकघरात बसून फोनवर दिसते. इशाराही नदीच्या ठरावीक पट्ट्यापुरता येतो. हे शहाणपण यांनाही ठेच लागूनच आलं. जुलै २००७ च्या पुरात ट्यूक्सबरीजवळचं पाणीपुरवठा केंद्रच बुडालं आणि साडेतीन लाख माणसांचे नळ कोरडे पडले. मग चौकशी झाली, आणि २००९ मध्ये मेट ऑफिस हे हवामान खातं आणि एन्व्हायर्नमेंट एजन्सी हे पुराचे इशारे देणारं खातं यांनी पुराच्या अंदाजाचं एकत्र केंद्र काढलं.

हे सगळं उचलून गोव्यात नेऊन ठेवा, असं पूर्वी मी गावी गेलो की सांगत सुटायचो. आता नाही सांगत. इथं वर्षाचा पाऊस सातशे मिलीमीटरच्या आसपास, गोव्यात तीन हजारांच्या. शिवाय सेव्हर्नचा पूर टपालाने येतो म्हणा ना! वेल्सच्या डोंगरातलं पाणी वूस्टरला यायला दोन-तीन दिवस लागतात. चहा पिऊन, गाडी चढावर लावून, मग वाट बघायची. आमच्याकडे रात्री घाटात कोसळला की उजाडायच्या आत दारात. साळमध्ये पाणी मोजून साळला इशारा देण्यात काय अर्थ? मोजायचं ते घाटमाथ्यावर आणि धरणाच्या दारांशी. त्यात पुढे हीच नदी शापोरा होते, तिच्या मुखाशी भरती असली तर खालचं पाणी निघायलाही तयार नसतं. घाटातला पाऊस, धरणाचा विसर्ग, भरतीची वेळ : हे तीन आकडे एका जागी, तासातासाला, कोणालाही बघता येतील असे हवेत. राज्याची हद्द मध्ये आली म्हणून आकडे अडू नयेत.

आणि इथलेही लोक काही फार शहाणे नाहीत. हिवाळाभर इशारे येतात, शेजारची म्हातारी फोन उलथा करून ठेवते. नदीकाठच्या पिचक्रॉफ्टच्या रेसकोर्सवर हंस पोहायला लागले की मात्र गालिचा गुंडाळते. तिला तिच्या ओळखीची खूण लागते. आमच्याकडे रेड अलर्ट ‘उत्तर गोव्या’ला असतो, म्हणजे कळंगुटच्या शॅकवाल्यालाही आणि माझ्या भावालाही. २०२३ मध्ये फोन केकाटवून इशाऱ्याच्या चाचण्या झाल्या, म्हणजे घंटा आहे. ‘दोन तासांत देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागेल’ हे वाक्य अजून कोणी लिहीत नाही.

म्हादई नदीच्या पाणीवाटपावर आम्ही बोलतो, आणि बोलायलाच हवं. २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं, हे आमच्या तिठ्यावरच्या चहावाल्यालाही पाठ आहे. म्हादईसाठीच्या मोर्चात मीही होतो. पण आज रात्री म्हादईवरच्या गांजे इथं पाणी किती मीटरवर आहे, असं त्या गर्दीत कोणी विचारलेलं आठवत नाही. मीही नाही.

भावानं स्वतःपुरता बंदोबस्त केलाय. दोडामार्गातल्या एका दुकानदाराशी त्याची ओळख आहे. त्याच्या मागच्या बागेत पाणी चढलं की तो भावाला मिस्ड कॉल देतो, मग म्हशी वरच्या पडवीत. गेल्या श्रावणात तो दुकानदार लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस बेळगावला होता. तेवढे दिवस भाऊ रात्री दोनदा उठायचा, टॉर्च घेऊन न्हंयवर जाऊन बघून यायचा.